मणक्याचा बाक आणि रॉड-स्क्रूचं ऑपरेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीला किंवा मुलाला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला गेलेला बाक आहे आणि ऑपरेशन करावं लागेल, असं कळल्यावर पालक जे विचारतात त्याची ही उत्तरं आहेत. भर १० ते १८ या वयात, ठोस कारण न सापडता येणाऱ्या बाकावर आहे, कारण सर्वात जास्त आढळतो तो हाच. लहान मुलांसाठीची साधनं वेगळी असतात, त्यांचा प्रश्न पुढे आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. रॉड आणि स्क्रू कणा धरून ठेवतात, पण कायमचा आधार मिळतो तो मणके एकमेकांना जुळून एकसंध हाड झाल्यावर. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

किती अंशांचा बाक असला की ऑपरेशन लागतं?

उभ्याने काढलेल्या पूर्ण कण्याच्या एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात. १० अंशांच्या वर गेला की स्कोलिओसिस म्हणायचं. साधारण २५ ते ४० अंश आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस (धडाला बाहेरून घालायचा कडक पट्टा) देतात. ४५ ते ५० च्या पुढे गेल्यावर ऑपरेशनचा विषय निघतो. ही सीमा उगाच ठरलेली नाही. छातीच्या भागातला बाक ५० च्या पुढे गेला की उंची वाढायची थांबल्यावरही तो वर्षाला सरासरी १ अंशाच्या आसपास वाढत राहतो. पंधराव्या वर्षी ५५ असलेला बाक पन्नाशीत कुठे पोचेल याचा हिशेब तिथून येतो.

नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही. पाळी कधी सुरू झाली, कमरेच्या हाडाच्या कडेची वाढ एक्स-रेत किती दिसते (तिला रिसर ग्रेड म्हणतात, ० ते ५), गेल्या वर्षभरात उंची किती वाढली, हे सगळं बघावं लागतं. ४२ अंश आणि रिसर ० असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीची काळजी ४८ अंश आणि रिसर ५ असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीपेक्षा जास्त करावी लागते.

कोन मोजण्यात ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्यामुळे '४४ चा ४७ झाला' म्हणून घाबरू नका. आधी दोन्ही फिल्मवर तेच दोन मणके धरून मोजलंय का, ते विचारा.

ब्रेसने ऑपरेशन टळतं का?

टळू शकतं, पण वेळेत लावला आणि रोज पुरेसा वेळ घातला तरच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला. फक्त झोपताना घातला तर तेवढा गुण येत नाही. बाक ५० च्या पुढे गेल्यावर मात्र ब्रेस, योगासनं, मालिश, लटकणं यांनी तो कमी होत नाही. व्यायाम जरूर करावा, स्नायू चांगले राहतात. फक्त त्याच्या भरवशावर सहा-सहा महिने एक्स-रे टाळू नका.

मावशीचं १९८० च्या सुमारास ऑपरेशन झालं, ती महिनोन्महिने प्लास्टरमध्ये होती. आताही तसंच असतं?

नाही. तेव्हा बहुधा हॅरिंग्टन रॉड बसवला असेल. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी १९५० च्या दशकात तो बनवला. स्टीलची एक सळई, वर एक हूक आणि खाली एक हूक, मध्ये कुठेच पकड नाही. जॅक लावल्यासारखा कणा वर-खाली ताणायचा. पकड दोनच ठिकाणी, म्हणून हाड जुळेपर्यंत प्लास्टर लागायचं. शिवाय सरळ सळईने कमरेची नैसर्गिक खोलगट कमान सपाट व्हायची. अशा रुग्णांना चाळिशी-पन्नाशीत पुढे झुकल्यासारखं होतं आणि ताठ उभं राहायला गुडघे वाकवावे लागतात. त्या मावशींना आता कंबरदुखी असेल तर कमरेचा बाजूने काढलेला एक्स-रे जरूर दाखवून घ्या.

पुढे मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणक्याला तार बांधून सळई जखडली आणि प्लास्टरची गरज संपली. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन रॉड आणि अनेक हूक वापरून कणा फिरवून सरळ करायची पद्धत आणली. १९९० च्या दशकात कोरियाच्या से-इल सुक यांनी छातीच्या मणक्यांतही स्क्रू वापरून दाखवले. आज जे बसवतात ते याच वाटेवरचं आहे.

शरीरात नेमकं काय काय बसवतात?

मुख्य भाग तीन: स्क्रू, रॉड, आणि रॉडला स्क्रूच्या डोक्यात घट्ट दाबणारा छोटा आटेदार खिळा, ज्याला सेट-स्क्रू म्हणतात.

स्क्रू मणक्याच्या देठातून जातो. देठ म्हणजे मागच्या कमानीला पुढच्या गोल भागाशी जोडणारा हाडाचा अरुंद पूल. प्रत्येक मणक्याला असे दोन देठ असतात. छातीच्या भागात साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीचे आणि २५ ते ४० मिलिमीटर लांबीचे स्क्रू लागतात, कमरेत ५.५ ते ७.५ जाडीचे आणि ३५ ते ५० लांबीचे. काहींचं डोकं सगळीकडे हलतं, काहींचं अजिबात हलत नाही. डोकं न हलणाऱ्या स्क्रूने मणका चांगला फिरवता येतो, हलणाऱ्यात रॉड सहज बसतो. एकाच पाठीत दोन्ही प्रकार वापरणं नेहमीचं आहे.

रॉड दोन असतात, कण्याच्या दोन्ही बाजूंना. किशोरवयात जाडी बहुतेक ५.५ किंवा ६ मिलिमीटर असते. देठ फारच बारीक असेल तिथे हूक किंवा मणक्याच्या कमानीखालून घातलेली पट्टी वापरतात. दोन्ही रॉड आडवे जोडणारी पट्टी काही सर्जन लावतात, काही लावत नाहीत. किशोरवयातल्या साध्या बाकात तिची गरज क्वचितच पडते.

छातीच्या मणक्यांना वरून खाली टी-१ ते टी-१२ आणि कमरेच्या मणक्यांना एल-१ ते एल-५ म्हणतात. टी-४ ते एल-१ जोडायचं ठरलं तर दहा मणके होतात. वीस स्क्रू बसू शकतात, पण सगळ्या जागा भरायलाच हव्यात असं नाही. कमी स्क्रू म्हणजे स्वस्तातलं काम, असं समजू नका. वरच्या टोकाला, खालच्या टोकाला आणि बाकाच्या शेंड्याजवळ (जिथे बाक सर्वात जास्त बाहेर गेलेला असतो) पकड भक्कम आहे ना, ते महत्त्वाचं.

टायटॅनियम चांगलं की कोबाल्ट क्रोम? स्टील का नको?

टायटॅनियमचा मिश्रधातू हलका, शरीराला मानवणारा आणि एमआरआयमध्ये कमी अडथळा आणणारा. कोबाल्ट क्रोमचा ताठरपणा त्याच्या दुप्पट. उजवीकडे ६५ अंशांचा घट्ट बाक आहे असं धरा. त्याच्या आतल्या, म्हणजे डाव्या बाजूला टायटॅनियमचा ५.५ चा रॉड घातला तर रॉड कण्याला ओढतो आणि कणाही रॉडला ओढतो. टेबलावर दिलेला आकार थोडा उलगडतो आणि पाठीची नैसर्गिक गोलाई सपाट होते. म्हणून ओढ सोसणाऱ्या त्या बाजूला कोबाल्ट क्रोम आणि दुसऱ्या बाजूला टायटॅनियम, अशी जोडी बऱ्याचदा दिसते.

स्टीलही ताठर असतं आणि अनेक वर्षं चाललं. पण एमआरआयची चित्रं ते जास्त बिघडवतं आणि त्यात निकेल असतं. मुलीला नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येत असेल तर आधीच सांगा. कोबाल्ट क्रोममध्येही निकेलचा अंश असू शकतो. स्टील आणि टायटॅनियम एकमेकांना टेकवून वापरत नाहीत, कारण शरीरातल्या खारट द्रवात दोन धातूंमध्ये गंज चढतो. टायटॅनियमचे स्क्रू आणि कोबाल्ट क्रोमचा रॉड ही जोडी मात्र रूढ आहे आणि चालते.

टायटॅनियमचा एक दोष आहे: ओरखडा सोसत नाही. रॉड एकाच जागी पुढे-मागे वाकवला तर तिथली ताकद कमी होते आणि काही वर्षांनी मोडला तर नेमका तिथेच मोडतो. म्हणून वाकवायचा तो हळूहळू, एकाच दिशेने.

इम्पोर्टेड घ्यावं की भारतीय?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो, पण निकाल ठरतो तो दुसऱ्याच गोष्टींवर. मणके कोणते जोडायचे, स्क्रू कसे बसले आणि हाड जुळावं म्हणून किती काळजीने काम झालं, यांवर. भारतीय बनावटीचे चांगले संच मिळतात. वस्तू सीडीएससीओच्या (केंद्र सरकारची औषध आणि वैद्यकीय साधन नियंत्रण संस्था) परवान्याची आहे का, लॉट नंबर छापलेला आहे का, सर्जनच्या हाताला तो संच सवयीचा आहे का आणि मधल्या सगळ्या मापांचे स्क्रू ऑपरेशनच्या दिवशी ट्रेमध्ये असतील का, हे विचारा. ४.५ चा स्क्रू हवा असताना ५.५ चाच हाताशी असला तर देठ फुटू शकतो. मग आयात केलेल्या संचाचा काय उपयोग?

प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतो. त्यावर कंपनी, कॅटलॉग नंबर, माप आणि लॉट नंबर असतो. ते स्टिकर लावलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. दहा वर्षांनी एखादा स्क्रू काढायची वेळ आली तर कुठल्या कंपनीचा पाना लागेल, ते त्यावरूनच कळतं.

ऑपरेशनच्या दिवशी आत नक्की काय होतं?

वेळ साधारण ४ ते ६ तास. मुलीला पालथं झोपवतात, पोट मोकळं लटकेल अशा टेबलावर. पोटावर दाब आला की कण्याच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो, म्हणून ही काळजी. रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड देतात. काही ठिकाणी वाहिलेलं रक्त धुऊन परत चढवायचं यंत्रही लावतात.

मधोमध चीर घेऊन स्नायू हाडापासून सोडवतात. मग मणक्यांच्या मागचे छोटे सांधे कापून काढतात. त्यामुळे कणा सैल होतो आणि हाड जुळायला कच्चा पृष्ठभागही तयार होतो. यानंतर एकेका देठात बोथट टोकाच्या साधनाने वाट करतात, आतल्या चारही भिंती आणि तळ बारीक सळईने चाचपून बघतात, आटे पाडतात आणि स्क्रू घालतात. सर्वात अवघड जागा म्हणजे बाकाच्या शेंड्याची आतली बाजू. तिथले देठ बारीक आणि कडक असतात, मज्जारज्जू त्याच भिंतीला चिकटून असतो आणि छातीच्या उजव्या बाकात महाधमनीही त्याच, डाव्या बाजूला सरकलेली असते. इथे १ मिलिमीटरही मोठा असतो. सगळे स्क्रू झाले की सी-आर्मवर, म्हणजे टेबलापाशीच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर तपासतात. काही रुग्णालयांत नॅव्हिगेशन, म्हणजे स्क्रूची वाट पडद्यावर दाखवणारी संगणकाची सोय असते.

आता रॉड. मोजून कापतात, हवा तसा वाकवतात, स्क्रूंच्या डोक्यात बसवतात आणि फिरवतात, म्हणजे बाजूला गेलेली कमान मागच्या नैसर्गिक गोलाईत येते. दुसरा रॉड बसवून स्क्रूंमधलं अंतर कुठे वाढवतात, कुठे घटवतात. दोन्ही खांदे आणि कंबर समतल आहेत ना, ते मोठ्या एक्स-रेवर बघूनच सेट-स्क्रू शेवटचे आवळतात, तेही कंपनीने ठरवून दिलेल्या जोरावर सुटणाऱ्या टॉर्क पान्याने. हाताच्या अंदाजाने आवळलेले सेट-स्क्रू पुढे सैल पडतात.

सर्वात शेवटी हाडांचा वरचा कडक थर खरवडून, काढलेल्या सांध्यांचा हाडाचा चुरा आणि गरजेप्रमाणे हाडांच्या बँकेतलं दान केलेलं हाड किंवा कृत्रिम ग्राफ्ट (हाडाऐवजी वापरायचा पदार्थ) पसरतात. बघणाऱ्याला हे किरकोळ काम वाटेल, पण सगळ्या ऑपरेशनचं यश यावर अवलंबून आहे. थकव्याच्या तासात ही पायरी घाईत उरकली तर त्याचं बिल दोन-तीन वर्षांनी येतं.

पाय जातील का?

ही भीती खरी आहे, म्हणून आकडा स्पष्ट सांगतो. किशोरवयातल्या नेहमीच्या बाकात मज्जारज्जू किंवा नसेला इजा व्हायचा धोका १ टक्क्याच्या आत आहे, आणि त्यातलेही बरेच रुग्ण पुढे पूर्ण किंवा बऱ्यापैकी सुधारतात. जन्मजात मणक्याचा दोष, तीव्र कुबड, १०० अंशांच्या आसपासचा बाक किंवा मज्जारज्जूत गाठ-पोकळी असेल तर धोका वाढतो. अशी शंका असेल तर आधी एमआरआय हवाच: छातीचा बाक डावीकडे आहे, फार झपाट्याने वाढतोय, मूल दहा वर्षांच्या आतलं आहे, किंवा पोटावरची त्वचा खाजवल्यावर मिळणारा प्रतिसाद दोन बाजूंना वेगळा आहे.

ऑपरेशनभर न्यूरोमॉनिटरिंग चालू असतं. डोक्यावरून विजेचा बारीक झटका देऊन हातापायांच्या स्नायूंत संदेश पोचतो का ते बघतात, शिवाय पायाकडून मेंदूकडे जाणारे संदेशही मोजतात. भुलीचा गॅस हे संदेश दाबतो, म्हणून भूल मुख्यतः शिरेतून देतात. संदेश अचानक पडला तर क्रम ठरलेला असतो: हात थांबवायचे, सरासरी रक्तदाब ८५ च्या वर न्यायचा, रक्त कमी असेल तर चढवायचं, शरीर गार पडलंय का ते बघायचं, तारा सुटल्या नाहीत ना ते तपासायचं, ताण सोडायचा, गरज पडली तर रॉड किंवा शंकास्पद स्क्रू काढायचा. तरीही खात्री पटत नसेल तर भूल हलकी करून 'पाय हलव' असं सांगतात. मुलीला याची कल्पना आदल्या दिवशी दिलेली असावी. नंतर तिला ते बहुधा आठवत नाही.

तुमच्या रुग्णालयात मॉनिटरिंग आहे का आणि ते बघणारा माणूस पूर्णवेळ थिएटरमध्ये असतो का, हा प्रश्न न संकोचता विचारा. इम्प्लांटच्या किमतीपेक्षा या खर्चाला आधी हो म्हणा.

बाक पूर्ण सरळ होतो का?

साधारण ६० ते ७० टक्के सुधारतो. लवचीक बाक जास्त, घट्ट बाक कमी. पूर्ण सरळ करायच्या हट्टाने मज्जारज्जूवर ताण येतो. शिवाय छातीचा मुख्य उजवा बाक गरजेपेक्षा जास्त सरळ केला तर डावा खांदा वर राहतो आणि आरशात तोच डोळ्यात भरतो. एका बाजूचा फुगवटा बराच कमी होतो, पण थोडा उरतो, कारण बरगड्यांचा आकार आधीच बदललेला असतो. उंची मात्र त्याच दिवशी काही सेंटिमीटर वाढते. घरी नेताना पंजाबी ड्रेस आखूड झालेला असतो.

नंतर वाकता येईल का? मांडी घालून बसता येईल का?

हे कुठपर्यंत जोडलं त्यावर आहे. छातीचे मणके मुळातच कमी वाकतात. जोड टी-१२ किंवा एल-१ ला संपला तर रोजच्या व्यवहारात फारसं जाणवत नाही. मांडी घालणं, भारतीय शौचालय वापरणं, फुगडी, लेझीम, सायकल यातलं बहुतेक जमतं, कारण ही कामं मांडीच्या सांध्यातून आणि गुडघ्यातून होतात. एल-३ पर्यंत फरक जाणवू लागतो. एल-४ पर्यंत गेलं तर खाली बसून पुढे ओणवं होणं, वाकून फरशी पुसणं अवघड जातं, आणि खाली उरलेल्या मणक्यांमधल्या एक-दोन गाद्यांवर आयुष्यभर जादा भार येतो. म्हणून 'खाली कुठल्या मणक्याला थांबणार आहात, आणि एक मणका वर थांबता येईल का?' असं सर्जनना जरूर विचारा. वाकवून काढलेल्या एक्स-रेंवरून ते ठरतं: वाकवल्यावर २५ अंशांच्या खाली येणारा दुय्यम बाक सहसा जोडावा लागत नाही.

रॉड तुटू शकतो का?

हो. आणि किशोरवयात तुटला तर बहुतेक वेळा एकच कारण असतं: एखाद्या ठिकाणी हाड जुळलेलं नसतं. माणूस दिवसभरात हजारो वेळा हलतो आणि न जुळलेल्या जागी प्रत्येक वेळी धातू किंचित वाकतो. कितीही महाग रॉड असला तरी अशा वाकण्याने तो कधीतरी थकून मोडतोच. हाड जुळलं असेल तर रॉडवर भारच फारसा येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्षाने एकाच ठिकाणी नव्याने दुखणं, पाठीत 'कट्' आवाज येणं, बाक पुन्हा वाढणं ही लक्षणं हलक्यात घेऊ नका. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी हाड जुळायला अडथळा येतो. व्हिटॅमिन डी कमी असेल तर ऑपरेशनच्या आधीच भरून काढा.

बाकीच्या गोष्टी: वरच्या टोकाच्या पुढचा मणका पुढे झुकणं, जोड कमी मणक्यांत थांबवल्यामुळे खाली बाक लांबणं, स्क्रू सैल होणं, बारीक अंगाच्या मुलीत स्क्रूचं डोकं त्वचेखाली टोचणं. जंतुसंसर्ग किशोरवयातल्या नेहमीच्या बाकात १ ते २ टक्क्यांच्या घरात असतो, सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारात त्याहून बराच जास्त. तो दोन प्रकारे दिसतो. पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो आणि टाक्यांतून पाणी येतं. किंवा दोन-चार वर्षांनी काही कारण नसताना जुन्या व्रणावर पुळी येऊन वाहू लागते. दुसऱ्या प्रकारात ताप नसतो, म्हणून घरचे फोड समजून मलम लावत बसतात. ते जंतू धातूवर चिकटून वाढतात, नुसत्या गोळ्यांनी जात नाहीत. हाड जुळलेलं असेल तर धातू काढणं हाच उपाय ठरतो.

आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्यालाही हेच ऑपरेशन?

नको. या वयात छातीचे मणके जोडले तर छाती आणि फुप्फुसं वाढायला जागा राहत नाही. म्हणून आधी प्लास्टर आणि ब्रेसने वेळ काढतात, तेवढं पुरेसं नसेल तर वाढणारे रॉड बसवतात. वर आणि खाली थोडे स्क्रू किंवा हूक, मधला कणा मोकळा, आणि दर सहा महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून रॉड लांबवायचा. दर वेळी मिळणारी लांबी कमी-कमी होत जाते, कारण मधला कणा हळूहळू आपोआप जुळत जातो. जखमा वारंवार उघडल्याने जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

बाहेरून चुंबकाने लांबवता येणारे रॉड यावर उपाय म्हणून आले. अमेरिकेत त्यांना २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दर वेळची भूल टळते, हा फार मोठा फायदा. पण आतली यंत्रणा झिजून धातूचा काळा भुगा आसपासच्या पेशींत साठलेला आढळला, आणि २०२० मध्ये ब्रिटनमध्ये त्यांचा पुरवठा काही काळ थांबवला गेला. हे रॉड असतील तर एमआरआयआधी सर्जनना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाढ संपत आल्यावर यातल्या बहुतेक मुलांचं शेवटचं जोडणीचं ऑपरेशन करावं लागतं, ही तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

रॉडऐवजी दोरी लावतात, असं ऐकलंय.

बाकाच्या बाहेरच्या बाजूने, छातीतून, मणक्यांच्या पुढच्या भागात स्क्रू घालून त्यांना घट्ट विणलेली पॉलिएस्टरच्या जातीच्या प्लास्टिकची दोरी जोडतात. फुगीर बाजूची वाढ रोखली जाते, दबलेली बाजू वाढत राहते आणि कणा वाढतानाच सरळ होतो. मणके जोडले जात नाहीत, लवचीकपणा राहतो. अमेरिकेत २०१९ मध्ये याला मर्यादित स्वरूपाची मान्यता मिळाली. वाढ बऱ्यापैकी शिल्लक असलेल्या आणि लवचीक बाक असलेल्या मुलांसाठीच हे आहे. वाढ संपलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. दोरी तुटणं आणि बाक उलट दिशेला जाणं या दोन्ही गोष्टी घडतात. पुन्हा ऑपरेशन करावं लागायचं प्रमाण रॉडच्या ऑपरेशनपेक्षा जास्त आहे.

घरी आल्यावर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी बसवतात, उभं करतात, चालवतात. चार ते सात दिवसांत घरी सोडतात. पहिले दोन आठवडे दुखणं बऱ्यापैकी असतं. त्यातच वेदनाशामकांमुळे शौचाला कडक होतं, ज्याची तयारी कोणी करत नाही. पाणी, फळं, भाजी आणि डॉक्टरांनी दिलेलं सौम्य रेचक पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटून उठायचं. पाठ पिळायची नाही. आंघोळीला उंच स्टूल ठेवा. केस कुणीतरी धुऊन द्यावेत. शाळा चार ते सहा आठवड्यांत, सुरुवातीला अर्धा दिवस. दप्तर दुसऱ्याने उचलायचं किंवा पुस्तकांचे दोन संच करायचे. पहिले तीन महिने २ ते ३ किलोपेक्षा जास्त वजन नको, म्हणजे पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, धाकटा भाऊ काहीच नाही. चालणं रोज वाढवत न्या. पोहणं साधारण तीन महिन्यांनी, धावणं आणि सौम्य खेळ सहा महिन्यांनी. कबड्डी आणि गोविंदाचे थर निदान वर्षभर नाहीत, आणि नंतरही सर्जन हो म्हणाले तरच. पाठीवर मालिश, हाड बसवणं, कंबर 'मोकळी करणं' कुणाकडूनही करून घ्यायचं नाही.

मुंबई विमानतळावर मशीन वाजेल का? एमआरआय? दात? बाळंतपण?

मशीन कधी वाजतं, कधी नाही. वाजलं तर सांगायचं, हाताने तपासतात. डिस्चार्ज कार्डची प्रत मोबाइलमध्ये असू द्या. टायटॅनियम आणि कोबाल्ट क्रोमच्या नेहमीच्या रॉडवर एमआरआय करता येतो, फक्त रॉडच्या आसपासचं चित्र धूसर येतं. तंत्रज्ञाला आधी सांगा. दाताच्या नेहमीच्या कामाआधी फक्त पाठीतल्या रॉडपायी अँटिबायोटिक लागत नाही. लग्न, गर्भारपण, नैसर्गिक प्रसूती सगळं होतं. कमरेत खालपर्यंत जोड असेल तर पाठीतून भूल देणं कठीण जाऊ शकतं, म्हणून सातव्या महिन्याच्या सुमारास भूलतज्ज्ञांना एक्स-रे दाखवून ठेवा.

रॉड नंतर काढतात का?

त्रास नसेल तर नाही. जंतुसंसर्ग, टोचणं किंवा मोडणं असेल तरच. काढल्यावर बाक थोडा परत वाढू शकतो.

खर्चाला मदत कुठून मिळेल?

आधी रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात इम्प्लांट, मॉनिटरिंग, आयसीयू आणि रक्त हे चार आकडे वेगळे दाखवायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि नेमकी ही शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचा रुग्णालयातला माणूस) विचारून घ्या. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे प्रत्येक ऑपरेशन बसतं असं नसतं, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. रेशन कार्ड आणि आधार यांच्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते आधी बघा. मंजुरी अडकायचं ते एक नेहमीचं कारण आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा हे आणखी दोन मार्ग. खाटांसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाच्या दाखल्यासह जा.

तपासणीला किती वेळा जायचं आणि लगेच कधी धावायचं?

नेहमीचा क्रम सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं, पुढे पाच वर्षांनी. काही दुखत नाही म्हणून दोन वर्षांची भेट चुकवू नका, न जुळलेलं हाड बऱ्याचदा तिथेच सापडतं. एक्स-रे मागून पुढे किरण जातील असा काढायला सांगा, स्तनांवर किरणांचा मारा कमी होतो.

पायात नवा अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, दम लागणं, पोटरी सुजून दुखणं, १०१ च्या वर ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, पहिल्या काही आठवड्यांत सतत हिरवट उलट्या आणि पोट फुगणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा. उलट्यांबद्दल मुद्दाम सांगतो. कणा अचानक लांब झाल्याने लहान आतड्याची सुरुवात दोन रक्तवाहिन्यांच्या बेचक्यात दाबली जाऊ शकते. बारीक अंगाच्या मुलींत हे जास्त दिसतं, आणि घरी ते अॅसिडिटी समजून अंगावर काढलं जातं.